केले असे धरावे

परिचर्या विद्यालयाच्या तपासणी कक्षातला नळ बिघडला, ही गोष्ट तशी किरकोळ. नळ कुठेही बिघडतो. पण ह्या नळाची तक्रार रीतसर नोंदवली गेली, आणि रीतसर नोंदवलेली तक्रार रीतसरच मिटवावी लागते, त्यामुळे नळ काही दुरुस्त झाला नाही.

ह्या कक्षात ट्यूटरबाई पहिल्या वर्षाच्या मुलींना शारीरिक तपासणी शिकवत. रुग्णाला डोक्यापासून पायापर्यंत कसं बघायचं, नाडी कुठे सापडते, छातीला स्टेथोस्कोप लावून नेमकं काय ऐकायचं, पायावर सूज आहे की नुसताच जाड पाय आहे हे बोट दाबून कसं ओळखायचं. बाई कामाला चोख होत्या. वॉर्डात उमेदीची वर्षं काढून मग त्या शिकवण्याकडे वळल्या होत्या. "आधी डोळे, मग हात, मग कान, आणि तोंड सगळ्यांत शेवटी," असं त्या सुरुवातीला मुलींना बजावून सांगत. सुरुवातीला म्हणजे नळ चालू होता तेव्हा.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या यादीतला पहिलाच मुद्दा होता, हात धुणे. नळ बंद पडल्यावर मुली रांगेनं तळमजल्यावर जाऊन हात धुवून येऊ लागल्या. वर येताना जिन्याच्या कठड्याला हात लागे. हात लागला म्हणून परत खाली. असं करत परीक्षा इतकी लांबली की प्राचार्यांची घरी जायची गाडी चुकली. दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांनी सूचना काढली: परीक्षार्थीने 'मी हात धुतले आहेत' असे स्पष्ट शब्दांत म्हटल्यास हात धुतले असे धरावे.

आता ह्यात वावगं काय होतं, तुम्हीच सांगा. वेळ वाचला, पाणी वाचलं, आणि मुली बिचाऱ्या जिन्याच्या खेपांतून सुटल्या. बाईंनाही हायसं वाटलं. त्यांनी यादीत हात धुण्यापुढे बरोबरची खूण केली आणि पुढच्या मुद्द्याकडे वळल्या.

पुढचा मुद्दा होता, रुग्णाच्या खासगीपणासाठी पडदा ओढणे. पडदा धुवायला गेला तो गेलाच. 'मी पडदा ओढला आहे,' असं म्हणण्याची मुभा मिळाली. मग स्टेथोस्कोप. वर्गात तो एकच, आणि एकीच्या कानातला दुसरीच्या कानात गेला की संसर्ग होतो, हे तर बाईच शिकवत होत्या. तेव्हा 'मी श्वासाचे आवाज ऐकत आहे' हेही चालू लागलं. मग रबरी पुतळ्याची पाळी आली. मुलींनी दाबून दाबून त्याच्या मनगटाची कातडी निघाली होती. नवा पुतळा मागवायचा तर जुना कसा फाटला ह्याचा खुलासा द्यावा लागणार, आणि 'विद्यार्थिनींनी वापरल्यामुळे' हा खुलासा वरच्या कार्यालयाला पटण्यासारखा नव्हता. पुतळा काचेच्या कपाटात गेला. मुली कपाटासमोर उभ्या राहून, दोन्ही हात पाठीमागे बांधून, पुतळा तपासू लागल्या. कोपऱ्यातल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरवरही एक चिठ्ठी डकवली गेली: भरलेला आहे असे धरावे.

ह्या सगळ्याला कागदोपत्री 'उच्चारित कृती पद्धती' असं भारदस्त नाव मिळालं. निकाल शंभर टक्के लागू लागला. मोडतोड शून्य. पाहणीला आलेल्या समितीनं तर शेरा मारला की, इतका स्वच्छ तपासणी कक्ष आम्ही अन्यत्र पाहिला नाही. बाईंचा सत्कार झाला. सत्काराला उत्तर देताना त्या म्हणाल्या, "मी भारावून गेले आहे," आणि समितीच्या अध्यक्षांनी सवयीनं मान डोलावून खूण केली.

सगळं सुरळीत चाललं होतं, एक मुलगी सोडून. तिला वर्गात सगळ्या मुकी म्हणत. मुकी नव्हती ती, पण बोलणं जेवढ्यास तेवढं. परीक्षेत तिनं काय करावं? आली ती सरळ कपाट उघडून पुतळ्याचं मनगट धरून उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. दोन बोटं इकडे सरकवली, तिकडे सरकवली, मग पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाली, "मॅडम, लागत नाहीये."

"काय लागत नाहीये?"

"नाडी."

"अगं, रबराची बाहुली ती! तिला कुठून नाडी लागणार?"

"मग 'नाडी नियमित' कसं म्हणू?"

बाईंनी कपाळाला हात लावला. उत्तर खरं होतं, पण यादीत त्याला जागा नव्हती. मुकी नापास झाली. शंभर टक्क्यांना डाग लागला आणि प्राचार्यांनी बाईंना बोलावून घेतलं. "एका मुलीपायी एवढ्या वर्षांची परंपरा जाईल," प्राचार्या म्हणाल्या. "तिच्याकडे जातीनं लक्ष द्या."

बाईंनी लक्ष दिलं. रोज सुटीनंतर मुकीला थांबवून घेतलं. मुलगी मनापासून शिकायची, पण 'नाडी पाहते आहे' म्हणताना तिचा हात आपसूक पुढे यायचा. "हात आवर, हात," बाई ओरडायच्या. शेवटी त्यांनी तिला दोन्ही हातांत वह्यांचा गठ्ठा धरायला लावला. हळूहळू तिची जीभ सुटली आणि हात थंडावले. ज्या दिवशी तिनं डोक्यापासून पायापर्यंत एकदाही न हलता सगळी तपासणी म्हणून दाखवली, त्या दिवशी बाईंना खरंच भरून आलं. शिकवण्याचं सार्थक का काय म्हणतात ते हेच, असं त्यांना वाटलं.

आणि नेमकं त्याच सुमारास वरच्या कार्यालयाचं परिपत्रक आलं. यापुढे शारीरिक तपासणीची परीक्षा पुतळ्यावर न घेता जिवंत माणसावर घेण्यात यावी.

प्राचार्यांच्या तोंडचं पाणी पळालं. जिवंत माणूस आणायचा कुठून? शेजारचं रुग्णालय रुग्णांनी भरलेलं होतं, पण ते सगळे आजारी. प्रत्येकाचं दुखणं वेगळं. एकीला सोपा रुग्ण आणि दुसरीला अवघड, असं झालं तर मुली न्याय मागतील. बैठक बसली, चहा झाला, आणि ठरलं की जिवंत माणूस हा निरोगी असावा, त्याच्यात सांगण्यासारखं काहीही नसावं, आणि परीक्षा संपेपर्यंत त्यानं तसंच राहावं. ह्या पदाला नाव मिळालं 'निरोगी पुरुष'. भूमिका सोडल्यास त्याचे गुण कापण्याचीही तरतूद झाली, जरी त्याला गुण कसले द्यायचे हे ठरलं नव्हतं.

"तुमच्या घरी कोणी आहे का असं?" प्राचार्यांनी विचारलं. "काही न होणारं?"

"सासरे आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांची कधी कसली तक्रार नसते."

बाईंचे सासरे टपाल खात्यातून निवृत्त झाले होते. दिवसभर पत्रं वेगळी करायची आणि संध्याकाळी हौशी नाटकमंडळीत प्रॉम्प्टिंग करायचं, ह्यात त्यांचा जन्म गेला. विंगेत वही घेऊन उभं राहायचं, नट अडखळला की हळूच वाक्य पुरवायचं. लोक टाळ्या वाजवत ते नटाला. म्हाताऱ्याला एवढ्या वर्षांत कोणी साधी हवालदाराचीही भूमिका दिली नव्हती. त्यामुळे सुनेनं विचारलं तेव्हा ते खुर्चीतच ताठ झाले.

"मुख्य भूमिका?"

"बाबा, तुम्ही फक्त पडून राहायचं."

"अगं, पण मध्यभागी ना?"

"मध्यभागीच. पलंग एकच आहे."

म्हाताऱ्यानं तालमी सुरू केल्या. तपासणीची सगळी यादी पाठ केली, कारण आपल्या भूमिकेबरोबर समोरच्याचीही वाक्यं माहीत असावीत, हा त्यांचा जुना नियम. शर्टाला कडक इस्त्री करून ठेवली. बूट पुसले. बूट मात्र पायात शिरेनात. "कातडं आटलं वाटतं," ते स्वतःशीच म्हणाले आणि बुटांच्या नाड्या सैल सोडून कसेबसे पाय कोंबले. हल्ली ते जिन्यात मधेच थांबून भिंतीवरचं मीटर वाचत उभे राहत. अंथरुणावर आडवं होण्यापेक्षा आरामखुर्चीत बसूनच झोपत. "संवाद घोकता घोकता डोळा लागतो," असं त्याचं कारण सांगत.

बाई रोज सकाळी ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या राहून विचारत, "बाबा, बरं आहे ना?"

"एकदम बरं," बाहेरून उत्तर येई.

मुलगा कामानिमित्त दुसऱ्या गावी राहायचा. तोही फोनवर हेच विचारी आणि हेच उत्तर मिळवी. एकंदरीत घराचा निकालही शंभर टक्के होता.

परीक्षेच्या दिवशी तपासणी कक्ष झाडून पुसून लख्ख केला होता. पलंगावर पांढरी चादर, चादरीवर इस्त्रीच्या शर्टात निरोगी पुरुष, उशाशी तशी पाटी. समोर टेबलामागे दोन खुर्च्या, एक बाईंची आणि एक बाहेरून आलेल्या परीक्षकांची. हे गृहस्थ फार अनुभवी होते. यादीवरून त्यांची नजर म्हणून हलत नसे.

"रुग्णाला सूचना दिल्या आहेत?"

"हो सर."

"काय आजोबा, काही त्रास वगैरे?"

"अजिबात नाही," म्हातारा खणखणीत म्हणाला. वाक्य चांगलं पडलं म्हणून त्यानं सुनेकडे पाहिलं. बाईंनी मान हलवून दाद दिली.

मुली एकामागून एक आत येऊ लागल्या. पलंगाच्या पायथ्याशी खडूनं आखलेल्या रेघेवर उभं राहायचं, हात मागे, आणि सुरू. मी हात धुतले आहेत. मी पडदा ओढला आहे. मी रुग्णाची परवानगी घेतली आहे. एखादी घाबरून अडखळली, की पलंगावरून दबक्या आवाजात पुढचं वाक्य यायचं. "श्वासाचे आवाज…"

"श्वासाचे आवाज," मुलगी पुढे म्हणायची.

"दोन्ही बाजूंना…"

"दोन्ही बाजूंना सारखे व स्वच्छ."

म्हाताऱ्याचा श्वास ह्या वेळी असा वाजत होता की दारापर्यंत ऐकू यावा. पण वाक्य पुरवायला तो पुरत होता, आणि परीक्षकांना यादीपलीकडचं काही ऐकण्याची आज्ञा नव्हती. बाईंच्या कानांवर मात्र तो आवाज आला. हा आवाज कुठेतरी ऐकला आहे, असं त्यांना वाटलं. वॉर्डातल्या दिवसांतलं काहीतरी आठवता आठवता राहिलं. तेवढ्यात पुढची मुलगी आत आली.

पुढची मुलगी म्हणजे मुकी. बाईंचा जीव मुठीत. मुकी रेघेवर उभी राहिली आणि घडाघडा म्हणू लागली. हात, पडदा, परवानगी, सगळं स्वच्छ. "मी आता नाडी पाहते आहे," असं म्हणताना तिची नजर म्हाताऱ्याच्या हातावर गेली. बोटं टाचण्या खोचायच्या गादीसारखी फुगलेली, नखं निळसर. तिचा उजवा हात पाठीमागून सुटला आणि पुढे आला. टेबलामागून बाई खाकरल्या. त्या खाकरण्यात सुटीनंतरचे सगळे तास होते. मुकीचा हात जागीच थांबला, आणि मग मुकाट्यानं परत पाठीमागे गेला.

"नाडी नियमित," मुकी म्हणाली.

"उत्तम!" परीक्षक म्हणाले आणि त्यांनी खूण केली. बाईंचा जीव भांड्यात पडला. मुकी पास झाली होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद का दिसत नाही, ह्याचं त्यांना जरा नवलच वाटलं.

शेवटी आली वर्गात पहिली येणारी. तिला प्रॉम्प्टिंगची गरज नव्हती. तिचं पाठांतर असं, की मधेच छप्पर कोसळलं असतं तरी तिनं पूर्णविरामालाच श्वास घेतला असता. म्हाताऱ्याला मात्र राहवेना. तो तिच्याबरोबर नुसते ओठ हलवत होता. बाईंना त्या हलणाऱ्या ओठांची गंमत वाटत होती, म्हणून त्या यादीऐवजी त्यांच्याकडेच बघत होत्या. बघता बघता ओठ हलायचे थांबले.

"ओठांचा रंग गुलाबी," पहिली म्हणाली.

ओठ जांभळे होते. म्हाताऱ्यानं एकदा मान वर केली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग भूमिकेची आठवण होऊन मिटलं, आणि त्याची मान उशीवरून एका बाजूला कलंडली. एक हात पलंगाबाहेर लोंबू लागला.

"रुग्णानं जागा बदलली," परीक्षक नाराजीनं म्हणाले. "हे भूमिकेत नाही."

पहिली जराही डगमगली नाही. यादीत शेवटचा मुद्दा होताच. "रुग्ण अत्यवस्थ झाल्याचे माझ्या लक्षात आले आहे," ती म्हणाली. "मी मदतीसाठी हाक मारते आहे."

कोणी हाक मारली नाही. परीक्षकांनी खूण केली.

"मी पुन्हा हाक मारते आहे. मदत येत आहे. मी रुग्णास ऑक्सिजन लावते आहे."

"वा! हिला जादा गुण देता येतील का हो?" परीक्षकांनी बाईंना विचारलं.

बाईंना खुर्चीतून उठायचं होतं. सगळं कळत होतं. आणि तोंडातून शब्द आले, "मी आता रुग्णाकडे धावते आहे." शब्द ऐकल्यावर त्यांना क्षणभर बरंसुद्धा वाटलं, जणू काम झालं. मग त्यांनी खाली पाहिलं तर आपण बसलेल्याच.

तेव्हा मात्र त्या अशा उठल्या की खुर्ची मागे पडली. "बाबा!" असं ओरडून त्यांनी पलंग गाठला. ह्या घरात सून म्हणून आल्यापासून त्यांनी सासऱ्यांचं मनगट कधी धरलं नव्हतं. बोटांना जागा सापडेना. पुतळा कपाटात गेल्यापासून ती बोटं फक्त खुणा करत होती. बाई भ्याल्या, अगदी पहिल्या दिवशीच्या विद्यार्थिनीसारख्या भ्याल्या. मग सापडली. धडपडत, मधेच गाळत, वाटेल तशी पळणारी नाडी. त्यांनी बूट ओढून काढले, मोजा खाली केला. मोज्याच्या रबरानं पोटरीत चर पाडला होता. बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. जे त्या वर्षानुवर्षं पाठ करून घेत होत्या, ते सगळं त्यांच्याच घरातल्या पायावर लिहिलेलं होतं.

"ऑक्सिजन!" बाई ओरडल्या.

एकीनं सिलिंडरवरची चिठ्ठी वाचून दाखवली.

शेवटी पलंगाचीच चादर चार टोकांनी उचलून म्हाताऱ्याला आवारापलीकडच्या रुग्णालयात न्यायचं ठरलं. मुली सूचनेची वाट बघत रेघेवर उभ्या होत्या. पायाकडची दोन टोकं कोणी न सांगता मुकीनं उचलली आणि ती दारापर्यंत पोहोचलीसुद्धा. वाटेत धापा टाकत तिनं हळूच विचारलं, "मॅडम, मी उचलताना काही म्हटलं नाही. गुण कापणार का?"

रुग्णालयातल्या डॉक्टरांनी म्हाताऱ्याला बसतं केलं, नळी लावली, इंजेक्शनं दिली. छातीत पाणी भरलं होतं. हृदय थकलेलं होतं, आणि ते काही आजचं नव्हतं.

"बरेच दिवस दम लागत असणार," डॉक्टर म्हणाले. "बसून झोपत असतील, पाय सुजत असतील. घरात कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? घरात कोणी शिकलेलं नाही का?"

 आपण काय शिकवतो हे सांगायची बाईंना लाज वाटली.

म्हातारा वाचला. चौकशी मात्र व्हायचीच होती. चौकशी समितीनं सगळ्यांचे जबाब घेतले. परीक्षार्थींपैकी कोणाचीही चूक आढळली नाही, कारण सर्वांनी सर्व कृतींचे उच्चार केले होते. चूक आढळली ती बाईंची. त्यांनी रुग्णास पूर्वसूचना न देता स्पर्श केला. परवानगी घेतल्याचा उच्चार कोणाच्याही ऐकण्यात आला नाही. सबब सदर नाडी पाहिली गेली असे धरता येत नाही. निरोगी पुरुषाचेही गुण कापण्यात आले.

बैठकीत बाई पहिल्यांदाच भडकल्या. "नाडी पाहिली नसती तर माणूस गेला असता! हात लावायला शिकवा मुलींना, हात! खरोखर हात लावल्याशिवाय ह्यापुढे एकाही मुलीला मी पास करणार नाही."

 मग प्राचार्यांनी मायेनं त्यांच्याकडे पाहिलं. "अगदी मनातलं बोललात," त्या म्हणाल्या. "नोंद घ्या हो ही. 'खरोखर' हा शब्द फार महत्त्वाचा आहे."

आणि पद्धतीत सुधारणा झाली. आठवडा उलटायच्या आत नवी यादी छापून आली.

बाईंनी ती पाहिली रुग्णालयातच. दुपारची वेळ होती. म्हातारा उशांना टेकून बसला होता, चेहऱ्यावर जरा रंग आला होता. मुलींची वॉर्डातली ड्यूटी सुरू झाली होती, आणि ह्या पलंगापाशी मुकी आली. फरशीवर रेघ नव्हती, तरी ती पायथ्याशी बेतानं अंतर ठेवून थांबली. हात मागे.

"मी खरोखर हात धुतले आहेत," ती म्हणाली. "मी आता खरोखर नाडी पाहते आहे. नाडी…"

अडखळली. तिची नजर पुन्हा त्या हातावर गेली होती.

"खरोखर नियमित," म्हाताऱ्यानं उशीवरून वाक्य पुरवलं.

"बाबा, तुम्ही गप्प बसा हो!" बाई म्हणाल्या. त्यांनी उठून मुकीच्या पाठीमागचा हात धरला, ओढून पुढे आणला आणि सासऱ्यांच्या मनगटावर ठेवला. मुकी दचकली. मग तिची दोन बोटं आपोआप जागेवर बसली. ती ठोके मोजत उभी राहिली.

"लागतेय, मॅडम," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात दारात वॉर्डाच्या प्रमुख सिस्टर दिसल्या, तशी तिनं हात झटकन मागे घेतला, "नाडी खरोखर नियमित" असं मोठ्यानं म्हटलं आणि ती पुढच्या पलंगापाशी गेली.

बाई स्टुलावर बसल्या. त्यांनी विचारलं, "बाबा, एवढा दम लागत होता, पाय सुजले होते. मला सांगितलं का नाही?"

"कधी सांगणार?"

"रोज विचारत होते की मी! 'बरं आहे ना?' म्हणून."

"हो, विचारायचीस ना," म्हातारा समजुतीनं म्हणाला. "पण अगं, त्या वाक्याला उत्तर एकच असतं. तू ओट्याकडे तोंड करून उभी, कामावर जायची घाई. मी दुसरं काही म्हटलं असतं तर तुझं पुढचं वाक्य अडलं असतं. जन्मभर प्रॉम्प्टिंग केलंय मी, समोरच्याला अडवायचं नसतं एवढं कळतं मला."

बाईंना रडू फुटलं. तोंड फिरवायला जागा नव्हती, तेव्हा त्या सासऱ्यांसमोरच रडल्या. म्हाताऱ्यानं सुजलेल्या हातानं सुनेच्या डोक्यावर थोपटलं. इतक्यात उशाशी फोन वाजला. मुलाचा होता.

"कसे आहात बाबा?"

म्हाताऱ्यानं सुनेकडे एकदा पाहिलं, नाकातली नळी जरा बाजूला केली, आवाज खणखणीत केला आणि म्हणाला, "एकदम बरा."

"मग ठीक. सुटी मिळाली की येऊनच जातो."

आता वाचकहो, तुम्हाला ह्या मंडळींचा राग आला असेल. यायलाच हवा. ट्यूटरबाई, प्राचार्या, ते परीक्षक, सगळ्यांना धारेवर धरावंसं वाटत असेल. पण त्याआधी एक काम करा. तुमच्याही घरी, नाहीतर लांब कुठेतरी फोनच्या दुसऱ्या टोकाला, एखादा निरोगी पुरुष किंवा निरोगी बाई असेलच. त्यांना फोन करा. "कसे आहात?" असं स्पष्ट शब्दांत विचारा. उत्तर तुम्हाला ठाऊक आहे, त्यांनाही ठाऊक आहे, कोणी अडखळणार नाही. मग म्हणा, "येऊन जातो एकदा." म्हणालात? छान. तुम्ही जाऊन आलात असे धरण्यात येत आहे.